मिठातलं सोडियम आणि रॉकेलातलं सोडियम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पाठ्यपुस्तकात एका पानावर सोडियम पाण्यात टाकलं की पेटतं असं लिहिलंय आणि पुढच्याच पानावर ‘सोडियमचे उपयोग’ म्हणून साबण, काच, कागद, मीठ, रस्त्यावरचे दिवे, अणुभट्टी असं सगळं एका ओळीत दिलंय. मग साबणात हा धातू घालतात का? मीठ पाण्यात का पेटत नाही? शिवाय प्रयोगशाळेच्या कपाटात रॉकेलात ठेवलेल्या सोडियमची जुनी बाटली सापडली आहे, तुकड्यांवर थर चढलाय. ती वापरावी का?

बाटलीचं उत्तर खाली सविस्तर दिलंय. ते वाचून होईपर्यंत ती उघडू नका, हलवू नका.

बाकी गोंधळ आहे तो एका शब्दाचा. आपण ‘सोडियम’ म्हणतो तेव्हा कधी धातू मनात असतो, कधी आयन. तुमच्या पुस्तकातल्या यादीत हे दोन्ही एकाच पोत्यात भरलेत. ते वेगळे काढले की यादीतला प्रत्येक उपयोग आपोआप आपल्या जागी जाऊन बसतो.

सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन असतात आणि सगळ्यात बाहेरच्या कवचात एकच. तो काढायला दर मोलला सुमारे ४९६ किलोज्यूल लागतात. त्यानंतरचा दुसरा काढायचा म्हटलं तर ४५६२ किलोज्यूल, म्हणजे नऊपटीहून जास्त. म्हणून सोडियम एक इलेक्ट्रॉन चटकन देऊन टाकतं आणि दुसऱ्याला हात लावू देत नाही. ज्याचा तो एक इलेक्ट्रॉन अजून द्यायचा आहे ते धातूरूप सोडियम. ज्याने तो देऊन टाकला आहे तो सोडियमचा आयन. मिठात, सोड्यात, साबणात, रक्तात, समुद्रात असतो तो आयन. निसर्गात सुटा सोडियम धातू कुठेही सापडत नाही, याचं कारणही हेच.

लाकूड पेटतं, राख पेटत नाही. तसं धातू हे लाकूड आणि मीठ ही राख. सोडियम आणि क्लोरीन यांच्यापासून एक मोल मीठ तयार होताना सुमारे ४११ किलोज्यूल बाहेर पडून गेलेले असतात. त्या मिठावर पाणी ओतलं तर पेटायला शिल्लक काहीच नसतं, आयन फक्त एकमेकांपासून सुटून पाण्यात फिरू लागतात.

आता धातूकडे. ताजा कापलेला सोडियम चांदीसारखा चकचकीत दिसतो, पण ही चमक दमट हवेत पाहता पाहता मावळते. चाकूने कापता येईल इतका तो मऊ असतो, थंडगार लोण्यासारखा. घनता ०.९७, म्हणजे पाण्यावर तरंगतो, पण रॉकेलात बुडतो. म्हणूनच रॉकेलात ठेवता येतो. (लिथियमचं तसं नाही, तो रॉकेलावरही तरंगतो आणि वरून उघडा पडतो.) द्रवणांक ९८ अंश सेल्सिअसच्या जरा खाली, उत्कलनांक ८८३ अंश. या दोन आकड्यांमधलं अंतर लक्षात ठेवा, अणुभट्टीचा सगळा हिशेब त्यावर आहे. वीज तो तांब्याच्या साधारण एक तृतीयांश वाहून नेतो आणि उष्णताही उत्तम वाहतो.

पाण्याशी काय होतं ते नीट पाहू, कारण ‘स्फोट होतो’ या दोन शब्दांत बरंच काही दडपलं जातं. सोडियम पाण्याला इलेक्ट्रॉन देतो. कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड), हायड्रोजन आणि उष्णता तयार होते. एका ग्रॅममागे सुमारे ८ किलोज्यूल उष्णता आणि साधारण अर्धा लिटर हायड्रोजन. ८ किलोज्यूल म्हणजे फार नव्हे, शंभर मिलिलिटर पाणी त्याने १९-२० अंशांनी तापेल. पण ही उष्णता सगळ्या पाण्यात पसरण्याआधी त्या इवल्याशा तुकड्यातच साठते. तुकडा वितळतो, त्याची गोळी होते आणि खालून निघणाऱ्या वायूमुळे ती पाण्यावर सैरावैरा पळत सुटते. पळणाऱ्या गोळीला सतत नवं थंड पाणी मिळतं, म्हणून बारीक तुकडा बहुधा न पेटताच संपतो. तीच गोळी ओल्या फिल्टर पेपरवर अडवली तर उष्णता जागीच साठते, हायड्रोजन पेट घेतो आणि सोडियममुळे ज्योत पिवळी दिसते. मोठा तुकडा असेल तर मात्र खरोखर धडाका होतो.

हा धडाका हायड्रोजन पेटल्यामुळे होतो असंच बरीच वर्षं शिकवलं गेलं. ते अर्धंच खरं आहे. २०१५ साली प्राग इथले रसायनशास्त्रज्ञ पावेल युंगविर्थ यांच्या गटाने सोडियम-पोटॅशियमच्या द्रव मिश्रधातूचे थेंब पाण्यात सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले. पाण्याला लागल्यावर एक मिलिसेकंदही व्हायच्या आत थेंबातून धातूचे काटे चहूबाजूंनी बाहेर पडताना दिसले. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात जातात की मागे उरलेले धनभारित आयन एकमेकांना ढकलून देतात आणि थेंब आतूनच फुटतो. त्यामुळे पाण्याला लागणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, अभिक्रिया थांबत नाही. नाहीतर वायूचा आणि वाफेचा थर मध्ये येऊन ती मंदावली असती.

तेव्हा ‘किती टाकलं तर स्फोट होईल’ याला एक आकडा नाही. तुकड्याचा आकार, पाण्याचं तापमान, भांड्याचं तोंड, तुकडा मोकळा आहे की काचेला चिकटलाय, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. मी वर्गात दाखवायला चार मिलिमीटरचा घन ही कमाल मर्यादा धरतो. त्याचं वजन साधारण ६० मिलिग्रॅम भरतं आणि हायड्रोजन ३० मिलिलिटरच्या आसपास निघतो. पसरट काचेचं भांडं घ्यावं, ते अर्धं भरावं, पुढे पारदर्शक आडोसा लावावा आणि डोळ्यांना चष्मा हवाच. भांड्यावर नरसाळं किंवा झाकण मुळीच ठेवू नये. हायड्रोजन कोंडला की स्फोटाची सोय आपण स्वतःच करून देतो. आणखी एक चूक नेहमी होते. तुकडा संपल्यासारखा दिसला की मुलं वाकून पाहतात. शेवटी पाण्यावर एक पारदर्शक गरम मणी उरलेला असतो. तो वितळलेल्या कॉस्टिकचा असतो आणि थंड होताना ‘टप्प’ करून फुटतो. त्याचे शिंतोडे डोळ्यांत जाणं ही या प्रयोगातली सगळ्यात मोठी जोखीम आहे. तो मणी फुटेपर्यंत आडोसा हलवायचा नाही.

आता तुमची बाटली. ती वापरावी की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: लेबल वाचता येतंय का, रॉकेल तुकड्यांच्या वर आहे का आणि थराचा रंग कोणता आहे.

थर पांढरा किंवा करडा असेल, लेबलवर सोडियम स्पष्ट लिहिलेलं असेल आणि तुकडे पूर्ण बुडलेले असतील, तर तो थर बहुतांशी हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचा असतो. रॉकेलात थोडा ऑक्सिजन आणि पाण्याचा अंश विरघळलेला असतोच, त्यामुळे इतकं होणारच. आत धातू चांगला असतो. थर पिवळट किंवा नारिंगी असेल, किंवा लेबल गेलं असेल, तर हात लावू नका. आत पोटॅशियम असू शकतं. पोटॅशियमवर वर्षानुवर्षांत सुपरऑक्साइडचा पिवळा-नारिंगी थर चढतो आणि कापताना चाकूने तो खालच्या धातूत किंवा तेलात दाबला गेला तर स्फोट होतो. नुसत्या डोळ्यांनी सोडियम आणि पोटॅशियम यांत फरक कळत नाही, दोन्ही मऊ आणि दोन्ही चमकदार. अशी बाटली घातक रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यावी. रॉकेल उडून जाऊन तुकडे उघडे पडले असतील तर तीही तिकडेच.

बाटली पहिल्या प्रकारातली निघाली तर कापण्याची रीत अशी. चाकू, चिमटा, फरशीचा तुकडा, हात, सगळं कोरडं ठणठणीत हवं. आसपास पाण्याचा नळ, ओली फडकी, बर्नर नको. तुकडा चिमट्यानेच काढायचा, बोटांनी नाही. त्वचेवरचा घामही पुरतो, आधी भाजतं आणि मग कॉस्टिकने जखम होते. फिल्टर पेपरच्या घडीत हलकेच दाबून रॉकेल टिपून घ्या. चाकू करवतीसारखा पुढेमागे न ओढता वरून सरळ दाबा. चारही बाजूंची साल काढून आतला चकचकीत ठोकळा घ्या. उरलेली साल आणि चुरा मूळ बाटलीत परत टाकू नका, वेगळ्या बाटलीत खनिज तेलाखाली ठेवा. आणि ज्यात रॉकेल टिपलं तो फिल्टर पेपर कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. त्याला सोडियमचे कण चिकटलेले असतात. डब्यात ओला कागद पडला की तासाभराने आग लागते आणि मग ती कशी लागली याचा शोध घेत बसावं लागतं.

चुऱ्याची विल्हेवाट लावताना घाई होते आणि तिथेच चुकतं. रुंद तोंडाच्या, उघड्या भांड्यात बर्फावर, ज्योतीपासून दूर, वायू ओढून नेणाऱ्या कपाटात थोड्या कोरड्या खनिज तेलात चुरा घ्या आणि त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडं थोडं घाला. बुडबुडे येतात तो हायड्रोजन. हे अल्कोहोल मुद्दाम सुस्त निवडलंय. काही वेळाने बुडबुडे थांबतात आणि सगळं संपलं असं वाटतं. बहुतेक वेळा संपलेलं नसतं. कणांवर सोडियम आयसोप्रोपॉक्साइडचा पांढरा थर बसलेला असतो आणि आत धातू जिवंत असतो. म्हणून त्यानंतर इथेनॉल, मग मिथेनॉल, प्रत्येक वेळी बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, काचकांडीने गोळे फोडून पाहायचे आणि अगदी शेवटी पाणी थेंबाथेंबाने. पाणी लवकर घालणं हेच या कामातल्या आगींचं नेहमीचं कारण. एका वेळी एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त घेऊच नये. तुमच्याकडे असं कपाट नसेल तर हे काम अंगावर घेऊ नका.

आग लागलीच तर पाणी नाही, फेस नाही आणि कार्बन डायऑक्साइडचं नळकांडंही नाही. जळतं सोडियम कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतं आणि जळतच राहतं. कोरडी वाळू, कोरडा सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) किंवा कोरडं मीठ यांचा जाड थर टाकून झाकायचं. धातूच्या आगीसाठी मिळणाऱ्या काही पावडरींत मुख्य घटक मीठच असतं. सोडियमची आग मिठाने विझवतात हे ऐकून विचित्र वाटेल, पण वरची राखेची उपमा आठवली की ते सरळ आहे. वाळू मात्र खरंच कोरडी हवी. उघड्यावर ठेवलेल्या बादलीतली वाळू पावसाळ्यात ओल धरते आणि नेमकी तीच वेळेला ओतली जाते. क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड सोडियमच्या जवळपासही नकोत. त्यांचं मिश्रण नुसत्या धक्क्यानेही स्फोट पावतं.

प्रयोगशाळेत तुम्हाला हा धातू बहुधा लॅसाईनच्या चाचणीसाठी लागतो. सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, गंधक, हॅलोजन सहसंयुज बंधांत अडकलेले असतात, चाचणीला उत्तर देत नाहीत. सोडियमबरोबर वितळवलं की ते सायनाइड, सल्फाइड, हॅलाइड अशा आयनांच्या रूपात येतात. मुगाच्या दाण्याएवढा सोडियम आधी एकटाच वितळवून त्याची चकचकीत गोळी होऊ द्या, मग त्यावर पदार्थ टाका. दोन्ही एकदम तापवले तर बाष्पनशील पदार्थ सोडियम वितळायच्या आधीच उडून जातो आणि चाचणी ‘नाही’ म्हणते. नळीचं बूड लालबुंद झाल्यावर दोन-तीन मिनिटं तसंच तापवा आणि मग पोर्सिलेनच्या भांड्यातल्या दहा-पंधरा मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून फोडा. नीट तापवलं नसेल तर न उरकलेलं सोडियम इथेच पाण्याला भेटतं, म्हणून वर लगेच तारेची जाळी धरायची. हॅलोजन तपासताना गाळलेलं द्रावण आधी संहत नायट्रिक आम्लाबरोबर उकळलंच पाहिजे, तेही वायू ओढणाऱ्या कपाटात. नाहीतर सायनाइडमुळेही सिल्व्हर नायट्रेटचा पांढरा साका पडतो आणि विद्यार्थी क्लोरीन लिहून मोकळे होतात.

सोडियम बनवतात कसं, हे दोन वाक्यांत संपवता येत नाही, कारण धातू आणि आयन यांतला फरक तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली तर ऋणाग्रावर सोडियम मिळत नाही, हायड्रोजन मिळतो. सोडियम आयनाला इलेक्ट्रॉन परत घ्यायला लावण्यापेक्षा पाण्याला घ्यायला लावणं कितीतरी सोपं असतं. म्हणून धातू हवा असेल तर पाणी बाजूलाच ठेवावं लागतं. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी कॉस्टिक सोड्याचं विद्युत अपघटन करून तो पहिल्यांदा वेगळा केला. १९२४ पासून डाउन्स घट वापरात आहे. त्यात वितळलेलं मीठच घेतात. नुसतं मीठ ८०१ अंशांना वितळतं आणि त्या तापमानाला सोडियम धातू वाफाळायला आणि वितळलेल्या मिठातच विरघळायला लागतो. म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळून तापमान ६०० अंशांच्या आसपास आणतात. मध्ये ग्रॅफाइटचं धनाग्र, भोवती पोलादाचं ऋणाग्र, दोघांमध्ये जाळी. जाळी फाटली की सोडियम आणि क्लोरीन परत भेटतात आणि पुन्हा मीठ होतं, खर्ची घातलेली वीज फुकट. हलका सोडियम वर तरंगत येतो. त्यात थोडं कॅल्शियमही येतं. ते काढायला सोडियम ११० अंशांपर्यंत थंड करून गाळतात, तिथे कॅल्शियम घन होऊन बाजूला राहतं. एका किलोला सुमारे १० युनिट वीज लागते. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर एवढं मोजावंच लागणार.

उलट, मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जे मिळतं त्यावर त्याहून कितीतरी मोठा उद्योग उभा आहे. एक टन क्लोरीनमागे सुमारे १.१ टन कॉस्टिक सोडा आणि वर हायड्रोजन. हल्ली दोन कप्प्यांत एक पडदा असतो. त्यातून सोडियम आयन पलीकडे जातो, क्लोराइड जात नाही. हा पडदा भलता नाजूक. मिठाच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम अब्जात वीस भागांच्या वर गेलं तर ते पडद्याच्या आत हायड्रॉक्साइड होऊन बसतं, विजेचा दाब वाढतो आणि पडदा निकामी होतो. या कारखान्यात सोडियम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आयनच असतो.

तर आता तुमची यादी घेऊ. धातू म्हणून सोडियम जगात वर्षाला साधारण एक लाख टन बनतं. मीठ पंचवीस कोटी टनांहून जास्त. यावरूनच लक्षात येईल की यादीतली बहुतेक नावं आयनाची आहेत.

धातूचे उपयोग मोजके, पण प्रत्येकामागे त्याचा एखादा गुण सरळ दिसतो. इलेक्ट्रॉन देण्याची ओढ वापरून सोडियम मेथॉक्साइड, सोडियम बोरोहायड्राइड, सोडामाइड अशी रसायनं बनतात, टँटलमच्या संयुगातून टँटलम धातू सुटा करतात. तोच पुढे इलेक्ट्रॉनिक सर्किटांतल्या धारित्रांत (कपॅसिटरांत) जातो. पेट्रोलमध्ये घालायचं टेट्राइथिल लेड हा एके काळी सोडियमचा मोठा ग्राहक होता. सोडियम-शिशाच्या मिश्रधातूपासून ते बनायचं. २०२१ मध्ये मोटारींसाठीचं शिसंयुक्त पेट्रोल जगातून बंद झालं. जुन्या पुस्तकांत हा उपयोग अजून पहिल्या क्रमांकावर छापलेला दिसेल, तो खोडून टाका.

दुसरा गुण उष्णता वाहण्याचा. ९८ ते ८८३ अंशांपर्यंत सोडियम द्रव असतो, तोही साध्या वातावरणीय दाबाला. वेगवान न्यूट्रॉनच्या अणुभट्टीत तो साधारण ५५० अंशांना फिरवला तरी उकळायला तीनशेहून अधिक अंश शिल्लक राहतात. पाण्याने हेच करायचं तर प्रचंड दाब सांभाळणाऱ्या जाड भिंती लागतात. शिवाय सोडियम न्यूट्रॉनना फारसा मंदावत नाही, आणि या भट्टीला तेच हवं असतं. रशियातली बीएन-६०० ही भट्टी १९८० पासून अशी चालते, कल्पाक्कमची प्रायोगिक एफबीटीआर १९८५ पासून. अडचणीही तितक्याच ठोस आहेत. नळ्या भरण्याआधी ९८ अंशांच्या वर तापवून ठेवाव्या लागतात, नाहीतर सोडियम आतच गोठतो. तो अपारदर्शक, म्हणून आत काय चाललंय ते दिसत नाही, ध्वनिलहरींनी चाचपावं लागतं. ऑक्सिजन शिरला तर ऑक्साइडने अरुंद वाटा तुंबतात. त्यावर उपाय म्हणून प्रवाहाचा एक भाग थंड सापळ्यातून फिरवून ऑक्साइड तिथे जमू देतात. गाभ्यातून जाणाऱ्या सोडियमचा काही भाग किरणोत्सारी सोडियम-२४ होतो, अर्धायुष्य १५ तास. म्हणून गाभा आणि पाण्याची वाफ यांच्यामध्ये सोडियमचाच दुसरा, स्वच्छ वळसा (नळ्यांची वेगळी बंद फेरी) ठेवतात. जपानच्या मोंजू भट्टीत ८ डिसेंबर १९९५ ला या दुसऱ्या वळशातून सुमारे ६४० किलो सोडियम गळून पेटला. कारण काय, तर तापमापकाची नळी प्रवाहाच्या कंपनांनी तुटली. किरणोत्सार बाहेर पडला नाही, पण भट्टी कित्येक वर्षं बंद राहिली.

हाच गुण छोट्या प्रमाणात काही इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये वापरतात. व्हॉल्व्हची दांडी पोकळ ठेवून ती अर्ध्याहून थोडी जास्त सोडियमने भरलेली असते. इंजिन चालू झालं की सोडियम वितळतो, वरखाली आदळतो आणि व्हॉल्व्हच्या तापलेल्या डोक्याची उष्णता दांडीकडे आणून सोडतो. असा व्हॉल्व्ह घासू नये, कापू नये, भंगारात वितळायला टाकू नये. बाहेरून तो साध्या व्हॉल्व्हसारखाच दिसतो, म्हणून गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांनी इंजिनच्या माहितीपुस्तकात आधी पाहावं.

दिव्याबद्दल थोडक्यात. सोडियमच्या वाफेतून वीज गेली की ५८९ नॅनोमीटरच्या आसपास दोन अगदी जवळच्या रेषांत प्रकाश निघतो, पिवळा. कमी दाबाच्या दिव्याखाली लाल, निळं, हिरवं सगळं तपकिरी-करडं दिसतं, कारण परावर्तित व्हायला दुसरा रंगच नसतो. जास्त दाबाच्या दिव्यात रंग थोडे बरे दिसतात, पण तापलेल्या सोडियमची वाफ साधी काच खाते, म्हणून आतली नळी ॲल्युमिनाची करावी लागली. एलईडी आल्यापासून दोन्ही मागे पडत चालले आहेत. गॅसवर खारट पाणी उतू गेलं की ज्योत पिवळी होते तो रंगही हाच.

बाकी यादी आयनाची: साबण, काच, कागद, कापड, औषधं, पाणी शुद्ध करणं. इथे एक युक्ती सांगतो. संयुग पाहिलं की विचारा, काम कोण करतंय? कॉस्टिक सोड्यात काम हायड्रॉक्साइडचं असतं, ब्लीचमध्ये हायपोक्लोराइटचं, फोटो पक्का करायच्या हायपोत थायोसल्फेटचं. सोडियम तिथे निव्वळ हमाल. तो निवडला जातो कारण मीठ मुबलक आहे आणि सोडियमचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात विरघळतात. पण काही ठिकाणी हमाल बदलला की माल बदलतो. कॉस्टिक सोड्याने केलेला साबण घट्ट वडी धरतो, कॉस्टिक पोटॅशने केलेला मऊ किंवा पातळ राहतो. काचेत तर सोडियमच खरं काम करतो. नुसती वाळू वितळायला १७०० अंश लागतात. सोडा ॲश घातला की सोडियम आयन सिलिकाचं जाळं जागोजागी तोडतात आणि ती बरीच कमी तापमानाला वितळते. मात्र नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुनाही लागतो. खिडकीच्या काचेत साधारण ७०-७४ टक्के सिलिका, १२-१६ टक्के सोडियम ऑक्साइड आणि उरलेल्यात मुख्यतः चुना असतो.

घरात तीन ‘सोडे’ असतात आणि त्यांची गल्लत होते. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) ८.३ च्या आसपास, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या वर, कॉस्टिकचा १४ पर्यंत. खाण्याचा सोडा तापवला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी जाऊन धुण्याचा सोडाच उरतो. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडं थोडं घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम घातलं तर तापमान साधारण दहा अंशांनी चढतं, ४०० ग्रॅम एकदम टाकलं तर पाणी उकळायच्या बेतात येतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर कधीच नाही. ते विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, तेव्हा संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकामागोमाग वापरू नका.

शरीरातलं सोडियमही आयनच. रक्तद्रवात ते लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असतं. पेशीच्या भिंतीवरचा पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हा पंप शोधणाऱ्या येन्स स्कू यांना १९९७ चं नोबेल मिळालं. इथे सोडियमच्या जागी दुसरा कोणी चालत नाही. पाकिटावर ‘सोडियम’ लिहिलेलं असेल तर मिठाचा आकडा काढायला अडीचने गुणा. एक ग्रॅम मिठात सोडियम ३९३ मिलिग्रॅमच असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला दोन ग्रॅम सोडियमची मर्यादा आणि पाच ग्रॅम मिठाची मर्यादा या एकच आहेत, दोन नव्हेत. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरच ठरवतील.

शेवटी एक उपयोग जो तुमच्या पुस्तकात नाही आणि ज्यावर हमखास प्रश्न येतो: सोडियम-आयन बॅटरी. तिच्यात धातू असतो का? नीट चालत असेल तर नाही. नावातच आयन आहे. चार्ज होताना आयन ‘हार्ड कार्बन’ नावाच्या कार्बनच्या पोकळ्यांत जाऊन बसतात, डिस्चार्ज होताना परत येतात. लिथियम बॅटरीतलं ग्रॅफाइट इथे चालत नाही, सोडियम त्याच्या थरांत नीट शिरत नाही. दोन्ही अग्रांमागे ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो, तांबं लागत नाही. सेल शून्य व्होल्टपर्यंत रिकामा करून पाठवता येतो. वजनाच्या मानाने ऊर्जा लिथियमपेक्षा कमी, म्हणून जिथे वजनाची फिकीर नाही तिथे ती आधी येते. पण हार्ड कार्बन भरत आलं की त्याचा विभव सोडियम धातूच्या विभवाच्या अगदी जवळ पोचतो. सेल फार थंड असताना किंवा फार वेगाने चार्ज केला तर आयन पोकळीत शिरायचे सोडून पृष्ठभागावरच इलेक्ट्रॉन घेतात आणि तिथे खरोखरचं धातूरूप सोडियम साचू लागतं. थंडीत अशा बॅटऱ्यांचा चार्जिंगचा वेग नियंत्रक मुद्दाम कमी ठेवतो तो याचसाठी.